कशेडीत उघडलेलं दार

"मॅडम, हे जेवायला आलेच नाय."

सुगंधा गोरिवले माल चढवायच्या धक्क्यावर येऊन उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पदराचं टोक. मे महिन्यातली दुपार. पत्र्याखाली घटकाभरसुद्धा उभं राहवत नव्हतं. मी नुकतीच एक कंटेनरची गाडी न्हाव्याच्या बंदराकडे रवाना केली होती आणि पुढच्या मालाची पिंपं कुठे उतरवायची या विचारात होते.

"कँटीनला गेला असेल," मी म्हटलं.

"मी कँटीनलाच असते ना मॅडम."

खरंच की. सुगंधा आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायची आणि तिचा नवरा रघुनाथ माझ्याकडे माल चढवणाऱ्या टोळीत होता. दुपारची घंटा झाली की तो कँटीनच्या मागच्या दाराशी जाऊन बसायचा आणि ती त्याला घरचा डबा उघडून द्यायची. मी ते रोज बघायचे.

याला आता वीसेक वर्षं झाली. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना कारखान्यांसाठी लागणारे रंग बनवायचा. पिंपांतून रंगाचं चिकट रेझिन जायचं, बादल्यांतून ते घट्ट करणारं हार्डनर. चार-चार पिंपं एकेका लाकडी पॅलेटवर उभी करायची, पट्टी आवळून बांधायची, मग इसाकभाई परकार फोर्कलिफ्टवर ती उचलून कंटेनरच्या पोटात नेऊन ठेवायचे. एकावर एक दोन थर. दाराकडच्या बाजूला बादल्यांचे पॅलेट. मधल्या फटींत हवेच्या पिशव्या फुगवून भरायच्या, म्हणजे वाटेत आणि बोटीवर माल हलत नाही. हे सगळं माझ्या देखरेखीखाली चाले. त्या धक्क्यावर आलेली मी पहिलीच बाई, आणि आपल्या हातून एकही गाडी चुकायला नको या धास्तीने मी दिवसभर येरझाऱ्या घालत असे.

"इसाकभाई," मी हाक मारली, "रघुनाथ कुठेय?"

इसाकभाई फोर्कलिफ्टवरून उतरले. जाडजूड माणूस, शांत बोलणारा. "सकाळपासून इथंच होता की. मघाच्या गाडीत त्यालाच वर पाठवला होता."

"वर म्हणजे?"

"पार आतली एक पिशवी बसली होती, हवा गेलेली. तोवर पिंपं सगळी लागलेली. मग रघ्या नळी घेऊन पिंपांवरनं सरपटत गेला. आपल्यात बारीक तोच."

"आणि आला कधी बाहेर?"

इसाकभाईंनी कोपऱ्यातल्या नळीकडे पाहिलं. "मी बादल्यांचा पॅलेट आणायला गेलतो. परत आलो तर नळी गुंडाळून बाहेर ठेवलेली. म्हटलं, आला."

नळी गुंडाळली होती ती बाबू चाळकेने. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "हवा बंद झाल्याचा आवाज आला, म्हणून मी नळी ओढून घेतली. हलकी लागली. वाटलं, रघ्या आला असंल आणि पाणी प्यायला गेला असंल."

"पाहिलास का त्याला बाहेर आलेला?"

"पाहिला म्हंजे... नाय. पाहिला नाय."

दार लावायच्या आधी मी नेहमी आत तोंड घालून ओरडायचे, कोणी आहे का आत म्हणून. त्या दिवशीही ओरडले होते. उत्तर आलं नव्हतं. पण शुद्ध हरपलेला माणूस उत्तर कुठून देणार? कंटेनरच्या पोटात रेझिनचा वास कोंडलेला, वरून पत्रा तापलेला. मी बादल्यांच्या रांगेवरून बॅटरी मारली होती, पण तिचा उजेड पिंपांच्या पहिल्या-दुसऱ्या रांगेपर्यंतच पोचायचा.

मी बाबूकडे वळले.

"त्याची सायकल?"

"स्टँडवर हाय," बाबू म्हणाला.

"शर्ट?"

पिंपं हलवताना ही माणसं शर्ट काढून खिळ्यांना अडकवत. सगळ्यांनी एकाच वेळी तिकडे पाहिलं. रघुनाथचा निळा शर्ट तिथेच होता.

सुगंधाने डबा खाली ठेवला. "आतच हायत ते," ती म्हणाली. "मॅडम, ते आतच राहिलेत."

मग धावपळ. संडास पाहिले, पाण्याची टाकी पाहिली, रिकाम्या पिंपांची रास पाहिली, गच्चीवर जिथे टोळीतली माणसं कधीमधी पाठ टेकत तिथेही बाबू चढून आला. फाटकावरचा रखवालदार शपथेवर सांगत होता की रघुनाथ बाहेर पडलेला नाही. सुगंधाच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, घरीही नव्हता. कंटेनरच्या चालकाचा मोबाइल लावला, तर तो लागेना. गाडी घाटाच्या रोखाने गेली असणार, तिकडे तेव्हा रेंज नसे.

मी दातार साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. ते कारखान्याचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण हा माल न्यायच्या बोटीसाठी ते महिनाभर झोपले नव्हते. नवं गिऱ्हाईक, पहिलाच माल.

"आंबर्डेकर, शांतपणे बसा."

"बसायला वेळ नाही साहेब. गाडी थांबवून उघडावी लागेल."

"एक्साइजच्या माणसासमोर लावलेलं सील आहे ते. रस्त्यात तोडलंत तर माल परत इथे येणार, पुन्हा तपासणी होणार. बोट गेली म्हणून समजा."

"आणि तो आत असेल तर?"

"असेल तर. तुम्ही त्याला आत पाहिलंत? कोणी पाहिलं? कुठेतरी सावलीला झोपला असेल. ही माणसं..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं, कारण दारात सुगंधा उभी होती.

"साहेब," ती म्हणाली, "दार उघडून बघा. माझं एवढंच म्हणणं हाय."

दातारांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी हो म्हणणार नाही," ते मला म्हणाले. "जायचं असेल तर तुमच्या जबाबदारीवर जा."

मी त्याच पावली बाहेर पडले.

कँटीनचा भाजीपाला आणायचा छोटा टेम्पो उभा होता. इसाकभाई चालवायला बसले, मधे सुगंधा, खिडकीशी मी. मांडीवर लोखंड कापायची लांब दांड्यांची कात्री. पाठीमागे भाजीच्या रिकाम्या पाट्या खडखडत होत्या. त्या खडखडाटाने माझं डोकं उठलं होतं, पण थांबून त्या काढायचीही सवड नव्हती.

इसाकभाई इतक्या जोरात गाडी हाणताना मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. पुढे एसटी आली की हॉर्नवरचा हात उचलायचेच नाहीत. मी मनात सारखा हिशेब करत होते, की अशा उकाड्यात बंद पेटीत माणूस किती वेळ तग धरेल. आणि प्रत्येक वेळी उत्तर यायच्या आधीच तो हिशेब मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

"मॅडम," सुगंधा म्हणाली, "दार उघडाल ना?"

"उघडणार म्हणून तर निघालोय."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. "ड्रायवर नको म्हणाला तरी?"

"तरी."

भरणे नाक्याच्या ढाब्यावर इसाकभाईंनी गाडी चालू ठेवूनच विचारलं. तपकिरी कंटेनर, वरती सानप नावाचा चालक. ढाबेवाला म्हणाला, "जेवून आत्ताच गेला की. घाटाच्या पायथ्याशी सापडेल."

म्हणजे तो इथे जेवत बसला असताना कंटेनर उन्हात उभा होता. मी हे मोठ्याने बोलले नाही. सुगंधालाही ते उमगलं असावं, कारण तिने डोळे मिटून घेतले. मी तिचा हात धरला. तळवा कोरडा आणि खरखरीत होता. तिने हात काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही. मला ते विचित्र वाटलं, पण तेव्हा विचार करायला फुरसत कुठे होती?

कशेडी घाटात एक ट्रक नादुरुस्त होऊन आडवा पडला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेतच आमचा कंटेनर दिसला. इसाकभाईंनी टेम्पो कडेच्या गटारात घातला, तसाच सोडला आणि आम्ही चढावर धावत सुटलो.

चालक सानप बीडकडचा. वयस्क, डोक्याला उपरणं. सावलीत बसून तंबाखू मळत होता.

"तुमच्या गाडीत आमचा माणूस अडकलाय," मी धापा टाकत म्हटलं.

"माझ्या गाडीत?" त्याच्या हातातली तंबाखू सांडली. "आवं ताई, काय बोलताय?"

इसाकभाई कंटेनरच्या बाजूने जाऊन मुठीने पत्रा वाजवायला लागले. "रघ्या! ए रघ्या!" मग कान लावला. पत्रा इतका तापला होता की त्यांनी डोकं झटकन मागे घेतलं, गालावर लाल वळ उठला. त्यांनी मान हलवली. काही नाही. मीही दुसऱ्या टोकाला कान जवळ नेला. आत बारीक टिक टिक असं वाजत होतं. मी हात वर करून इसाकभाईंना थांबवलं. मग कळलं, पत्रा तापून वाजतोय.

मी कात्री घेऊन दाराशी गेले, तर सानप आडवा उभा राहिला.

"ताई, सील तुटलं की माझं लायसन जाईल. मालक मला उभा करणार न्हाई. माझी दोन लेकरं हायत."

"मी लिहून देते. माझ्या नावावर."

"लिहून दिल्यालं कोण वाचतंय?"

"बाबा," इसाकभाई म्हणाले, "तू बाजूला हो नाहीतर मी तुला उचलून बाजूला ठेवीन."

सानपने माझ्याकडे पाहिलं, मग सुगंधाकडे. "ही कोण?"

"त्याची बायको."

मग त्याने उपरण्याने तोंड पुसलं आणि बाजूला झाला. "उघडा," तो म्हणाला. "उघडा बाबांनो. पाप डोक्यावर घेऊन पुढं जायाचं व्हत न्हाई मला."

सील सहजी कापलं जात नाही. मी दांड्यांवर सगळं वजन टाकलं, तरी ते लोखंड दाद देईना. इसाकभाईंनी माझ्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून दाबलं. कडकन आवाज झाला. दाराचे दांडे फिरवले, दार उघडलं, आणि आतून गरम वाफेचा, रेझिनच्या वासाचा असा लोट आला की आम्ही तिघंही मागे सरकलो. रांगेतल्या गाड्यांमधली माणसं आता भोवती गोळा झाली होती.

समोर बादल्यांची भिंत. आम्हीच रचलेली, आम्हीच बांधलेली. इसाकभाईंचं अंग त्या वरच्या फटीत शिरणं शक्य नव्हतं. जमलेली माणसं माल उतरवायला सुरुवात करू म्हणत होती, पण पिंपं हाताने उतरवायची म्हणजे संध्याकाळ झाली असती.

मी ओढणी काढून इसाकभाईंच्या हातात दिली, बॅटरी दातांत धरली आणि बादल्यांवर चढले.

छत आणि पिंपं यांच्यात जेमतेम दीड वीत जागा. पोटावर सरपटायचं. पिंपाची बुचं बरगड्यांत रुतत होती, वरून पत्रा पाठ भाजत होता. डोकं थोडं वर केलं की भाजे, खाली नेलं की वास नाकातोंडात जाई. पुढे घुसले. मागे उजेड लहान लहान होत गेला. मला सारखं वाटत होतं, आता बॅटरीच्या उजेडात त्याचे तळवे दिसतील. तळवेच आधी दिसतील, कारण तो पुढे तोंड करून गेला असणार. त्या तळव्यांना हात लावायचा, ते थंड आहेत की गरम ते बघायचं, ही एकच गोष्ट डोक्यात धरून मी सरकत होते.

शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. हवेची पिशवी होती, चांगली टणक फुगलेली. त्याने काम नीट केलं होतं. मी बॅटरी हातात घेऊन फटींत वाकवली. एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहिलं, पिंपांच्या मधल्या पोकळ्यांत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

कोणी नव्हतं.

परत फिरायला जागा नव्हती, उलटंच सरकत यावं लागलं. बाहेर इसाकभाईंनी मला पाय धरून ओढून घेतलं. अंगातला कमीज घामाने निथळत होता, कोपरं सोलवटली होती.

"नाहीये," मी म्हटलं. "नाहीये तो आत."

गर्दीतून सुटकेचा मोठा उसासा निघाला. सानपने हात जोडून आभाळाकडे पाहिलं. इसाकभाई "या अल्लाह" म्हणत खालीच बसले आणि हसायला लागले. मलाही हसू फुटत होतं, रडूही.

सुगंधा मात्र जागची हलली नव्हती.

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं. अगदी टोकापर्यंत."

"परत बघा."

"सुगंधा, नाहीये तो. जिवंत आहे तो. कुठेतरी आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू गळून पडलं. मग तिने पदर कमरेला खोचला आणि कोणी अडवायच्या आत बादल्यांवर चढून ती आत शिरली. ती माझ्याहून बारीक होती. बघता बघता दिसेनाशी झाली. आम्ही दाराशी उभे राहिलो. आतून तिचा आवाज आला.

"अहो..."

ओरडत नव्हती ती. घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तशी.

"अहो... अहो..."

मग त्या पत्र्याच्या पोटातून, तोंडाने कधी न घेतलेलं ते नाव आलं.

"रघुनाथ!"

गर्दी आपोआप पांगली. लोकांना काहीतरी कळलं असावं, मला कळायच्या आधी.

आम्ही टेम्पोतून परत निघालो. मागे सानप कंटेनर वळवून घेऊन येत होता. भरणे नाका मागे पडल्यावर सुगंधा समोर बघतच म्हणाली, "सकाळी निघताना मला म्हणाले, आज डबा आणू नको."

मी वळून पाहिलं.

"इतक्या वर्षांत कधी म्हणाले नाय. आणि झोपलेल्या पोरीच्या तोंडावरनं हात फिरवला. ते पण कधी करत नाय. त्यांचा पाय घरात थारत नव्हता, मॅडम. वर्ष झालं. रात्री उठून अंगणात फेऱ्या मारायचे. विचारलं की म्हणायचे, जीव लागत नाय. कशात लागत नाय, ते सांगायचे नाय."

"मग तू डबा का आणलास?"

"वाटलं, आणला तर येतील."

इसाकभाईंनी गाडीचा वेग कमी केला होता.

माझ्या डोक्यात एकदम संताप उसळला. बोट गेली होती, सील तुटलं होतं, माझी नोकरी टांगणीला लागली होती. "तुला माहीत होतं आणि तू मला बोलली नाहीस?"

"माहीत कुठं होतं? शंका होती." ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "मी सांगितलं असतं, तर तुम्ही दार उघडलं असतं काय?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"नसतं उघडलं. तुम्हीच म्हणाला असता, गेला असंल पळून. आणि ते आत असते तर?"

मी मांडीवरची कात्री पायाशी ठेवली.

"आणि खरं सांगू?" तिचा आवाज अगदी खाली गेला. "आत सापडावेत असं पण वाटत होतं. मेलेला नवरा सांगता येतो मॅडम. चार माणसं येतात, रडतात, जेवण आणून देतात. गेलेला कसा सांगायचा?"

इसाकभाईंनी टेम्पो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. पाट्यांचा खडखडाट थांबला. ते उतरून उगाचच चाकं तपासत राहिले, ती पदरात तोंड घालून रडत होती तोवर.

दोन दिवसांनी मुंबईच्या ऑफिसातून एक साहेब चौकशीला आले. दातारांच्या केबिनमध्ये मला समोर बसवलं. तोवर कारखान्याच्या मागच्या ओढ्याकडचं कुंपण एका ठिकाणी वाकवलेलं सापडलं होतं. बाबूने आपला जुना शर्ट तिथे वाळत टाकला होता, तोही नाहीसा झाला होता. रघुनाथ कसा गेला ते आता सगळ्यांना कळलं होतं. का गेला त्याबद्दल कुजबुज चालू होती.

"त्याच्या बायकोला काही कल्पना होती का?" साहेबांनी विचारलं. "तुम्हाला ती काही बोलली?"

"नाही," मी म्हटलं.

मी ते विचार न करताच म्हटलं होतं. तिची गोष्ट ही तिची गोष्ट होती. त्या टेबलावर मांडायला मला कोणी दिलेली नव्हती. दातार माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे कसलीही खात्री नसताना तुम्ही सील तोडलंत, असं साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात चहा आला. चहा आणायची पाळी सुगंधाची होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला, पण ती गेली नाही.

"साहेब, मला कल्पना होती," ती म्हणाली.

"सुगंधा, तू जा," मी म्हटलं.

"नाय मॅडम." तिने हात पाठीमागे घेतले. "माझा नवरा मला सोडून गेला. मला सकाळीच शंका आली होती. मॅडमना मी बोलले नाय. त्यांना वाटलं, माणूस मरतोय. म्हणून त्या आत शिरल्या. तुमच्यातलं कोणी शिरलं असतं काय, ते मला ठाव नाय."

साहेबांनी चहा उचलला आणि परत ठेवला.

मला धक्क्यावरून काढून खरेदी विभागात टेबलाशी बसवलं. नोकरी राहिली. सानपचं लायसन राहिलं की नाही ते मला कधी समजलं नाही. मी वाहतूकदाराला पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. रघुनाथ परत आला नाही. कोणी म्हणे सुरतेला पाहिला, कोणी म्हणे मासेमारीच्या बोटीवर. सुगंधाने शोध घेतला नाही.

पण चौकशीच्या त्या दिवशी संध्याकाळी तिने मला फाटकाशी गाठलं होतं.

"मॅडम, घरी येता? सासूला अजून सांगितलं नाय. कामाला मुंबईला गेलेत असं म्हटलंय. आज सांगायचं. एकटीला नको वाटतं."

तिची वाडी रस्त्यापासून आत, चढावर होती. अंगणात सासू कोकमाचे रातांबे फोडत बसली होती. सालं एका सुपात, बिया दुसरीकडे. मनगटापर्यंत हात लाल. नात शेजारी बसून बियांशी खेळत होती. म्हातारीचं कपाळ मोकळं होतं. सुगंधाने मला ओटीवर बसवलं आणि स्वतः अंगणातच उभी राहिली.

"आत्ये, हे मुंबईला गेले नायत," ती म्हणाली. "गेले ते गेलेच. आपल्याला सोडून."

सासूचा कोयता थांबला नाही. दोन रातांबे फुटले, तिसरा फुटला.

"पोरीला आत पाठव," ती म्हणाली.

पोर आत गेली. म्हातारीने कोयता खाली ठेवला.

"त्याचा बापूस पण असाच गेला."

"मामंजी?" सुगंधा गोंधळली. "ते तर बोटीवर वारले ना? मुंबईत?"

"मी म्हटलं वारले. रघू पाळण्यात होता. लोक विचारायला लागले. किती दिवस सांगू, कामाला गेला म्हणून? एक दिवस म्हटलं, तार आली. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, त्याचं दिवसपाणी केलं. सगळा गाव जेवून गेला." तिने लाल हात पुढे करून बघितले, जसे काही दुसऱ्या कोणाचे होते. "मंग दोन पावसाळे गेले आणि तो आला. मागल्या दारानं. म्हणाला, येऊ काय घरात? मी म्हटलं, आता कसा येशील? मेलायस तू. उभा राहिला, राहिला आणि गेला."

सुगंधा तिच्याजवळ खाली बसली. तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. म्हातारीने तो हात धरला, तर मनगटावर रातांब्याचा लाल ठसा उमटला.

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "काढायचं तर तुला वाटंल तेव्हा काढ. लोकांसाठी नको. आणि उद्या कोण विचारील, त्याला हेच सांग. सोडून गेला म्हणून सांग. मला नाय जमलं."

मग म्हातारीने एक रातांबा उचलून सुगंधाच्या हातात दिला, दुसरा कोयता तिच्याकडे सरकवला आणि ओटीकडे वळून मला म्हणाली,

"बाय, तू पण ये खाली. लांब का बसलीस?"